तव्यावरचा चिकन ब्रेस्ट: रस राहावा, चोथा होऊ नये

मराठवाड्यात कोंबडी म्हणजे रस्सा. काळा मसाला, वर तर्री, सोबत ज्वारीची भाकरी, आणि पातेल्यात हाडासकट तुकडे. या पातेल्यात सगळ्यात वाईट हाल छातीच्या तुकड्याचे होतात. तंगडी मऊ व्हायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ छातीचा तुकडाही उकळत राहतो आणि ताटात येईपर्यंत त्याचा चोथा झालेला असतो. मग घरात तो कुणी मागून घेत नाही. लातूर, नांदेड, संभाजीनगरकडे जिमला जाणारी पोरं हाच ब्रेस्ट कुकरला तीन शिट्ट्या देऊन पाण्याच्या घोटासोबत कसाबसा गिळतात. दोन्हीकडे बिघाड एकच आहे: तुकडा गरजेपेक्षा फार जास्त शिजतो. साध्या गॅसवर, एका तव्यात, दहा-बारा मिनिटांत हाच तुकडा इतका रसदार होतो की त्याला रश्शाची गरज उरत नाही. त्यासाठी आधी मीठ लावायचं, जाडी सारखी करायची आणि वेळेवर उतरवायचं. मसाला कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

ब्रेस्ट कोरडा का पडतो

कच्च्या ब्रेस्टमध्ये साधारण ७५ टक्के पाणी असतं आणि चरबी अगदीच थोडी. तंगडीत चरबी असते आणि कोलॅजन नावाचं चिवट प्रथिनही असतं. जास्त शिजवलं की ते कोलॅजन विरघळून मांसाला ओलसर ठेवतं, म्हणून तंगडी अर्धा तास उकळली तरी चालते. ब्रेस्टला असा कुठलाच आधार नाही. त्याच्यात आहे ते पाणी, आणि तेच सांभाळायचं आहे.

आतलं तापमान ५० अंशांच्या पुढे गेलं की मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन घट्ट व्हायला लागतं, तुकडा पांढरा आणि टणक होत जातो. इथवर रस फारसा जात नाही. ६५ ते ७० अंशांच्या पुढे ॲक्टिन हे दुसरं प्रथिन आवळायला लागतं आणि रस बाहेर ढकलला जातो. ८० अंशांच्या वर तर ओला पंचा पिळावा तसे सगळे धागे पाणी सोडतात. उकळता रस्सा १०० अंशांच्या जवळ असतो, म्हणजे त्यात अर्धा तास ठेवलेल्या ब्रेस्टचं काय होणार हे सांगायला नको.

कमी शिजवणंही धोक्याचं आहे. कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असू शकतात. तुकड्याचा मधला, सगळ्यात जाड भाग ७४ अंशांना पोचला की तो खायला सुरक्षित होतो. आपल्याला नेमकं तिथवर जायचं आहे आणि तिथेच थांबायचं आहे. हाताशी असलेला पल्ला मोजून चार-पाच अंशांचा आहे, म्हणून अंदाजपंचे शिजवलेला ब्रेस्ट बहुतेक वेळा कोरडाच होतो.

दुकानातून काय आणायचं

चिकन सेंटरवर न सांगता 'बोनलेस' मागितलं की सत्तूरखाली छोटे तुकडे होऊन मिळतात. तव्यासाठी ते नकोत. 'भाई, ब्रेस्ट अख्खा काढा, तुकडे करू नका, कातडी नको' असं आधीच सांगावं. साधारण दोन किलोच्या ब्रॉयलरमधून २०० ग्रॅमच्या आसपासचे दोन बोनलेस भाग निघतात. या कृतीला हाच आकार चांगला.

तीन किलोच्या पक्ष्याचा ३०० ग्रॅमचा भाग दिसायला भारी वाटतो, पण तो टाळावा. मोठ्या, झपाट्याने वाढवलेल्या ब्रॉयलरच्या छातीत कधीकधी धागे लाकडासारखे कडक झालेले असतात. त्यावर पांढऱ्या समांतर रेघा ठळक दिसतात आणि कच्चा तुकडा दाबला तरी मधला भाग कडक लागतो. असा तुकडा कितीही जपून शिजवला तरी रबरासारखा लागतो, त्यात शिजवणाऱ्याचा दोष नसतो. बोटाने दाबून बघायला दुकानदार नाही म्हणत नाहीत.

गावरान कोंबडी इथे कामाची नाही. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांचा असतो, गावरान कित्येक महिन्यांची असते. तिची छाती पातळ, धागे पक्के. तिची चव रश्शातच खुलते, तिला तव्यावर दहा मिनिटांत मऊ करायचा प्रयत्न करू नये.

पाकिटातला गोठवलेला ब्रेस्ट असेल तर पाकिटावरचे घटक वाचावेत. त्यात मीठ किंवा मसाला आधीच असेल तर खालचं मिठाचं माप लावू नका, खारट होईल. गोठलेला तुकडा रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. घाई असेल तर पक्क्या बंद पिशवीत घालून थंड पाण्यात तासभर, अर्ध्या तासाने पाणी बदलून. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळालाच गरम येतं, ते अजिबात वापरू नये. माठातलं घ्यावं. ओट्यावर ठेवून सुटू देणं तर मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यात सरळ आजाराला बोलावणं आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर कच्चं किंवा शिजलेलं चिकन तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये, आणि आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो.

नळाखाली धुण्याची सवय जवळजवळ सगळ्या घरांत आहे. धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. जंतू मारायचं काम तवा करतो. हाडाचा चुरा किंवा रक्ताची गाठ लागली असेल तर ओल्या कागदाने टिपून काढा. धुवायचंच असेल तर वाहत्या नळाखाली न धरता पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने बुडवून काढा आणि नंतर मोरी, हात, पाट साबणाने घासून घ्या.

दोन माणसांसाठी लागणारं साहित्य

बोनलेस, कातडी काढलेले ब्रेस्ट २ (मिळून ४०० ग्रॅम), बारीक मीठ ४ ग्रॅम म्हणजे चहाचा पाऊण चमचा सपाट, हळद दोन चिमूट, मिरपूड पाव चमचा, तेल एक मोठा चमचा (१५ मिली), शेवटी लावायला काळा मसाला अर्धा चमचा, अर्धं लिंबू. झाकण बसेल असा २४ ते २६ सेंटिमीटरचा जाड बुडाचा तवा, चिमटा, आणि जमलं तर टोकदार सळईचा किचन थर्मामीटर. थर्मामीटरचा खर्च एकदाच होतो आणि ब्रेस्ट शिजवणाऱ्याला त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

जाडी आधी, मीठ नंतर

ब्रेस्ट एका टोकाला साडेतीन सेंटिमीटर जाड आणि दुसऱ्या टोकाला सेंटिमीटरभर असतो. तो तसाच तव्यावर टाकला की निमुळतं टोक चार मिनिटांत शिजून कोरडं पडतं आणि जाड टोक तेव्हा आतून कच्चं असतं. मधल्या भागासाठी थांबावं तर बाकीचा वाया जातो. ही अडचण विस्तवावर सुटत नाही, पाटावरच सोडवावी लागते.

आधी पालथा करून बघा. आतल्या बाजूला एक लांब, सुटी पट्टी चिकटलेली असते. ती हाताने सोडवून वेगळी करा, ती निम्म्या वेळात शिजते. तिच्यातली पांढरी नस सुरीने ओढून काढा. आता ब्रेस्ट जाड, स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि जाड टोकावर लाटण्याने किंवा बत्त्याच्या सपाट बाजूने ठोका. मधून कडेकडे जायचं, जोर बेताचा. सगळीकडे दीड ते दोन सेंटिमीटर जाडी झाली की थांबा. त्याहून पातळ केला तर बाहेर रंग येण्याआधीच आत शिजून जातो, आणि जोरात ठोकला तर धागे तुटून कडा फाटतात. फाटलेल्या कडा तव्यावर आधी जळतात.

ठोकायचं नसेल तर आडवा चिरा. तळहाताने तुकडा दाबून धरा आणि सुरी पाटाला समांतर चालवत दोन पातळ काप करा. २५० ग्रॅमच्या वरच्या तुकड्याला हेच बरं.

मिठाचं सोपं माप म्हणजे मांसाच्या वजनाच्या १ टक्का. मीठ सगळीकडून चोळून तुकडे ताटलीत, न झाकता, फ्रिजमध्ये किमान ४५ मिनिटं ठेवा. सकाळी लावून संध्याकाळी शिजवलं तर आणखी चांगलं. पहिल्या दहा मिनिटांत मीठ पाणी ओढून वर आणतं आणि तुकडा ओला दिसतो. पाऊण तासात तेच खारं पाणी परत आत मुरतं. मीठ आतल्या प्रथिनांना थोडं सैल करतं, त्यामुळे तापल्यावर ती कमी आवळतात आणि रस धरून ठेवतात. मीठ लावून दहा-वीस मिनिटांत तवा गाठणं सगळ्यात वाईट: पाणी बाहेर आलेलं असतं, आत गेलेलं नसतं. तेवढाच वेळ हातात असेल तर तव्यावर टाकायच्या क्षणी मीठ लावलेलं परवडतं.

दुसरी रीत मिठाच्या पाण्याची. एक लिटर थंड पाण्यात ५० ग्रॅम मीठ, म्हणजे तीन मोठे चमचे सपाट, पूर्ण विरघळवा. त्यात तुकडे ३० ते ४५ मिनिटं, भांडं फ्रिजमध्ये. बाहेर काढून टिपून घ्या आणि वरून मीठ लावू नका. वेळ जरा हुकला तरी रस टिकतो, म्हणून नवशिक्यांना ही रीत सोपी जाते. पण पाणी शोषल्यामुळे वरचा भाग ओला राहतो आणि तपकिरी रंग उशिरा येतो. चवीला कोरडं मीठ सरस, हे आमचं मत.

दोन्हीपैकी कुठलीही रीत असो, तव्यावर टाकण्याआधी तुकडा कोरडा टिपायचाच. वर पाणी असेल तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तपकिरी रंग, खमंग वास १४० अंशांच्या पुढे कुठे सुरू होतो. ओला तुकडा आधी वाफवतो, आणि तो भाजायला लागेपर्यंत आतून शिजून झालेला असतो. हळद आणि मिरपूड टिपल्यानंतर लावा.

तवा आणि तेल

बिडाचा तवा सगळ्यात चांगला. तो उष्णता धरून ठेवतो, थंड तुकडे टाकले तरी त्याचं तापमान फार उतरत नाही. मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं रिकामा तापू द्यावा. भाकरीचा पातळ लोखंडी तवा बर्नरच्या वर तेवढाच तापतो आणि कडेला गार राहतो, तो वापरायचा तर तुकडे दर मिनिटाला जागा बदलून फिरवावे लागतील. नॉनस्टिक चालतो, मात्र रिकामा तापवायचा नाही. तेल घालूनच मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटं. फार तापला तर त्याचा लेप खराब होतो.

शेंगदाण्याचं रिफाइंड तेल या कामाला पक्कं. करडई हे मराठवाड्याचं जुनं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचे वाणही दिले आहेत आणि अजूनही बऱ्याच घरांत घाण्याचं करडई तेल असतं. चवीला ते उत्तम, पण न गाळलेलं घाण्याचं तेल फार लवकर धूर धरतं. भाजताना रिफाइंड करडई किंवा शेंगदाणा वापरावं आणि घाण्याच्या तेलाचा अर्धा चमचा शेवटी वरून सोडावा. नुसत्या लोण्यात भाजू नये, त्यातला दुधाचा अंश जळतो.

तवा तापल्याची खूण: तेल पाण्यासारखं पातळ होऊन पसरतं, त्यावर बारीक लाटा दिसतात. धूर निघाला तर गॅस कमी करून अर्धं मिनिट थांबा. तुकड्याचं टोक टेकवताच चरचर आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर तुकडा उचला.

प्रत्यक्ष शिजवणं

गॅस मध्यमच्या जरा वर. तुकडे आपल्यापासून लांबच्या दिशेला ठेवत तव्यात सोडा म्हणजे तेल अंगावर उडणार नाही. गुळगुळीत, फुगीर बाजू खाली. दोन तुकड्यांत बोटभर अंतर हवं. उलथन्याने दहा सेकंद हलकं दाबा म्हणजे सगळा भाग तव्याला टेकेल. त्यानंतर दाबू नका.

पहिली ४ मिनिटं हलवायचं नाही. आवाजावर लक्ष ठेवा. एकसारखी चरचर हवी. तडतड वाढून तेल उडायला लागलं तर आच जास्त आहे. आवाज मंदावून बुडबुडे दिसायला लागले तर तव्यात पाणी सुटलंय, आच वाढवा. प्रत्येक घरचा बर्नर वेगळा, म्हणून मिनिटांपेक्षा या आवाजावर जास्त विश्वास ठेवावा. कडेने पांढरा रंग जाडीच्या साधारण निम्म्यापर्यंत चढला आणि तुकडा तव्यावरून आपणहून सुटला की उलटा. सुटत नसेल तर ओढू नका, अजून अर्ध्या मिनिटात सुटेल.

उलटल्यावर गॅस मध्यम-मंद. आता वर आलेल्या तपकिरी बाजूवर काळा मसाला चमचाभर तेलात कालवून लावा. झाकण ठेवा. झाकणातल्या वाफेने वरची बाजू शिजते आणि मसाल्याचा वास सुटतो. ३ मिनिटांनी झाकण काढून थर्मामीटर लावा. सळई वरून टोचण्याऐवजी कडेने आडवी, सगळ्यात जाड भागाच्या मध्यापर्यंत सरकवा. वरून टोचली तर टोक तव्याजवळ जातं आणि आकडा खोटा येतो. ७१ अंश दिसले की लगेच तुकडा ताटलीत काढा. ६६-६७ असेल तर पुन्हा झाकण आणि आणखी एक मिनिट. बाजूला काढलेली पट्टी शेवटच्या तीन-चार मिनिटांत तव्याच्या कडेला, दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिनिटं.

ताटलीवर वाटी किंवा फॉइल सैल पालथं घाला, ५ मिनिटं. बाहेरची उष्णता आत सरकते आणि मधला आकडा दोन-तीन अंशांनी चढून ७४ ला पोचतो. एकदा परत मोजून खात्री करा. पोचला नसेल तर तव्यावर झाकून एक मिनिट. तवा बंद केला तरी तुकडा त्यातच ठेवून देऊ नये. बिडाचा तवा पुढची कितीतरी मिनिटं शिजवत राहतो आणि इतका वेळ सांभाळलेला रस शेवटच्या टप्प्यात जातो.

थर्मामीटर नवा असेल तर एकदा तपासून घ्या. बर्फ आणि थोडं पाणी कालवून त्यात टोक बुडवलं तर ० दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात तपासत असाल तर १०० ची वाट बघू नका. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं.

थर्मामीटर नसेल तर जाड भागात सुरीचं टोक घालून थोडं उघडून बघा. मांस अपारदर्शक पांढरं, धागे वेगळे दिसणारे, रस स्वच्छ. मध्ये काचेसारखा चकचकीत, गुलबट भाग दिसला तर कच्चं आहे. बोटाने दाबल्यावर कच्चा तुकडा लिबलिबीत लागतो, झालेला दाबून परत वर येतो, जास्त झालेला दगडासारखा. या खुणा सवयीने कळतात, पण रंगावर पूर्ण भिस्त ठेवू नये. हाडाजवळचा भाग पूर्ण शिजूनही गुलबट राहू शकतो. थर्मामीटर हाताशी नसेल तर अर्धं मिनिट जास्त शिजवलेलं बरं, थोडा रस गेला तरी चालेल. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर यात तडजोड नको.

कापताना धाग्यांच्या आडवं कापा. ब्रेस्टमध्ये धागे लांबीच्या दिशेने, जरा तिरके जातात. शिजवण्याआधीच ते बघून ठेवावेत, भाजल्यावर लवकर दिसत नाहीत. आडव्या कापात धागे आखूड होतात आणि त्याच तुकड्याला दाताखाली मऊपणा येतो. ताटलीत साठलेला रस टाकू नका, लिंबासोबत तो परत कापांवर घाला.

जाड तुकडा तसाच ठेवायचा असेल तर

तीन-साडेतीन सेंटिमीटरचा तुकडा ठोकायचा नसेल तर वेळ बदलतो. मध्यम आचेवर पहिली बाजू ५ मिनिटं, उलटून २ मिनिटं उघडा. मग तव्याच्या कडेने दोन मोठे चमचे पाणी सोडा, लगेच झाकण, गॅस सगळ्यात मंद, ७ ते ९ मिनिटं. सहाव्या मिनिटापासून मोजायला लागा. वाफेमुळे वरचा कुरकुरीतपणा जातो, ही किंमत आहे. तुकड्याचा मधला भाग मात्र छान ओलसर राहतो.

मसाला आणि मुरवण

काळा मसाला आधीच खोबरं, धणे, लवंग, दगडफूल भाजून केलेला असतो. तो कच्च्या तुकड्याला चोळून तापल्या तव्यावर टाकला की दुसऱ्यांदा भाजला जातो आणि कडू होतो. लसणाच्या वाटणाचं तसंच. म्हणून वर सांगितल्याप्रमाणे मसाला उलटल्यानंतर. लाल तिखटही त्याच वेळी. धर्माबादकडची मिरची वापरत असाल तर चिमटीने सुरुवात करा, रसदार तुकड्यावर तिखट जास्त जाणवतं.

दह्यात मुरवायचं असेल तर पातळ दही नको, चक्का घ्या, ४०० ग्रॅमला दोन मोठे चमचे, दोन ते चार तास. तव्यावर टाकण्याआधी तो पुसून काढायचा. राहिलेलं दही पाणी सोडतं आणि मग करपतं. लिंबाच्या रसात अर्ध्या तासाच्या वर ठेवू नये, बाहेरचा थर पिठूळ होतो. कच्ची पपई ब्रेस्टला लावूच नये. तिच्यातलं पपेन मटणाचे चिवट धागे मोडायला चांगलं, इथे मोडायला तसं काही नाहीच.

रस्सा हवाच असेल तर

भाकरीसोबत कोरड्यास ओलं लागतंच, त्याला इलाज आहे: रस्सा वेगळा उकळायचा, ब्रेस्ट त्यात उकळायचा नाही.

तुकडे ताटलीत विसावले असताना त्याच तव्यात एक मोठा चमचा तेल, एक बारीक चिरलेला कांदा सोनेरी, त्यावर एक चमचा आलं-लसूण वाटण, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची दोन मोठे चमचे पूड, एक चमचा काळा मसाला. अर्धं मिनिट परतून दीड वाटी गरम पाणी घाला आणि तव्याला चिकटलेला तपकिरी थर उलथन्याने खरवडून त्यात मिसळू द्या. सगळी चव तिथे आहे, घासून टाकून देऊ नका. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याची मसालेदार पूड, असेल तर एक चमचा पाण्यात कालवून सोडा. त्यातल्या धान्यामुळे रस्सा दाटसर होतो. मीठ चाखून, बेताने. सहा-सात मिनिटं उकळा. गॅस बंद केल्यावर, उकळी थांबली की ब्रेस्टचे काप आणि ताटलीतला रस घाला, मिनिटभर झाका आणि वाढा. परत गॅस पेटवू नका.

बिघडलं तर कारण काय

तव्यात पाण्याचं तळं झालं: तुकडा ओला होता, तवा कमी तापला होता, किंवा लहान तव्यात चार तुकडे कोंबले. दोन-दोन करून भाजा.

बाहेर काळं, आत कच्चं: आच जास्त, तुकडा जाड. आता जाळ कमी करा, दोन चमचे पाणी, झाकण, चार मिनिटं.

कापल्याबरोबर पाटावर रस वाहिला: विसावू दिला नाही. थोडा रस वाहतोच, पण तुकडा पोहायला लागला तर घाई झाली.

वरून खारट, आत अळणी: मीठ ऐनवेळी लावलं. मापात वाढ करून उपयोग नाही, वेळ वाढवा.

कोरडा लागतोय, पण नक्की किती जास्त शिजला ते कळत नाही: कच्चा आणि शिजलेला दोन्ही वेळा वजन करा. २०० ग्रॅमचा तुकडा शिजून १५० ते १६० ग्रॅम भरला तर ठीक. १३० वर आला असेल तर दोन-तीन मिनिटं आधी उतरवायला हवा होता. प्रथिनांचा हिशेब ठेवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं: १०० ग्रॅम कच्च्या ब्रेस्टमध्ये साधारण २२-२३ ग्रॅम प्रथिनं असतात, शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ३० च्या आसपास. प्रथिन वाढलेलं नसतं, पाणी गेलेलं असतं. वही लिहिताना कच्चं वजन की शिजलेलं, एकच काहीतरी धरा.

उरलेलं

शिजवल्यापासून तासाभरातच फ्रिजमध्ये, बंद डब्यात, शक्यतो अख्खाच तुकडा ठेवा. कापून ठेवला तर कडा सुकतात. तीन दिवसांत संपवा. परत गरम करताना पुन्हा तीच चूक होते, तवा तापवून त्यावर भाजला जातो. त्याऐवजी पातळ काप करा, तव्यात दोन चमचे पाणी, मंद आच, झाकण, दोन-तीन मिनिटं, वाफ चांगली फिरली पाहिजे. डब्याला न्यायचा असेल तर गरम न करता थंडच न्यावा: धाग्यांच्या आडवे बारीक काप, चिरलेला कांदा, कोथिंबीर, शेंगदाण्याचं भरड कूट, लिंबू, आणि घाण्याचं करडई तेल अर्धा चमचा. डबा दुपारपर्यंत उन्हाळ्यात बाहेर राहणार असेल तर बर्फाच्या पिशवीशिवाय नेऊ नका. तशी सोय नसेल त्या दिवशी डब्यात दुसरं काही द्या आणि हा संध्याकाळी घरी खा.